पाठकोरे

आमच्या संस्थेच्या जिन्यात सामंजस्य करारांचे फोटो लावलेत. तेवीस आहेत. प्रत्येकात सूट घातलेली दोन माणसं, दोघांच्या मधे निळी फाईल आणि कडेला अर्धाच आलेला, हातात पुष्पगुच्छ धरलेला आमचा शिपाई. तेवीसपैकी नऊ करार एकाच आठवड्यातले. त्या वर्षी कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकची समिती यायची होती आणि त्या कामाची समन्वयक मी होते. कुपवाड एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या मालकांनी सही करता करता विचारलं, "मॅडम, ह्यात आम्ही करायचं काय?"

"काही नाही सर. सही."

"मग बरंय," म्हणाले आणि चहा मागवला. आजवरच्या करारांत तो एकच दोन्ही बाजूंनी तंतोतंत पाळला गेला, असं मी स्टाफरूममध्ये सांगते. लोक हसतात. मीही हसते, कारण नऊपैकी सात फोटो माझ्याच मोबाईलवर काढलेले आहेत.

मी सांगलीत एमबीएला शिकवते. विषय मार्केटिंग आणि रिसर्च मेथडॉलॉजी. समोरची पोरं जत, कवठेमहांकाळ, तासगाव, पलूस अशा ठिकाणांहून एसटीनं येतात. कुणाच्या घरी द्राक्षबाग, कुणाची म्हशीची डेअरी, कुणाचे वडील साखर कारखान्यात स्लिप बॉय. या पोरांना मी साबणाचे ब्रँड, शीतपेयांची लढाई, परदेशातल्या कॉफीच्या दुकानांची साखळी असलं शिकवते. ते उत्तरंही छान लिहितात. ज्यात त्यांच्यातल्या कुणी कधी पाऊल टाकलेलं नाही त्या कॉफीच्या दुकानाचं 'पोझिशनिंग' मुद्देसूद लिहितात. आणि कॉलेजातून निघालं की चालत वीस मिनिटांवर मार्केट यार्ड आहे. देशभरचे हळदवाले ज्या बाजाराचा भाव विचारून मग आपला भाव ठरवतात, असा बाजार. तिथं आमची सहल जाते. वर्षातून एकदा, बस करून. हजेरी घेतली जाते आणि केळी-वेफर वाटले जातात.

यार्डात मी मात्र सहलीनं गेलेली नाही. माझे आबा तिथं तोलाईदार होते. काट्याशी उभं राहून पोत्याचं वजन पुकारायचं, पट्टीवर म्हणजे मालाच्या हिशेबाच्या कागदावर चढवायचं, पोत्यामागे मजुरी घ्यायची. लहानपणी दुपारचा डबा घेऊन मी गाळ्यावर जायचे तेव्हा केसांपासून पायापर्यंत पिवळा झालेला माणूस दिसायचा आणि घरी आल्यावर आंघोळीचं पाणी पिवळं व्हायचं. आमच्याकडं लग्न नसलेल्या दिवशीही मोरीला हळद लागलेली असायची, असं आई म्हणायची.

हळद कशी बघतात ते मी तिथं पाहिलंय. खरेदीदार ढिगात हात घालतो. वरचं हळकुंड कधीच उचलत नाही, मनगटभर आत जातो. एक हळकुंड काढतो, दोन बोटांत धरून कट्टकन मोडतो. आवाज आधी. नीट वाळलेलं असेल तर टणक, कोरडा आवाज येतो. ओल राहिली असेल तर मोडताना ते जरा वाकतं आणि आवाज बसका येतो. मग मोडलेला भाग उजेडाकडं धरतो. केशरी की फिकट? मधे काळपट कडी आहे का? शिजवताना कमी-जास्त झालं असेल तर तिथं कळतं. नंतर तो तुकडा खिशात टाकतो किंवा जमिनीवर, आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता पुढच्या ढिगाकडं जातो. हे सगळं दहा सेकंदांत. आबा खरेदीदार नव्हते, पण काट्यावरच्या माणसाला हा आवाज बसल्या जागी ऐकू येतो. कुणाच्या मालाला किती बोली लागणार हे ते लिलाव सुरू व्हायच्या आधी मला कानात सांगायचे. फारसं चुकायचे नाहीत.

अशा माणसाच्या मुलीनं २००४ साली एमबीएचा समर प्रोजेक्ट हळदीच्या विपणनावर केला. तो कसा केला ते सांगायला हवं.

एका मसाला कंपनीनं पत्र दिलं होतं. पत्र दिलं म्हणजे तेवढंच दिलं. दोन महिने रोज गेटवरच्या वहीत सही करायची आणि वॉचमनच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसायचं. आत कुणाला भेटायचं तर 'साहेब मीटिंगमध्ये' असायचे. आमचे गाइड म्हणाले, "मग शेतकऱ्यांचा सर्व्हे कर. शंभर प्रश्नावल्या भरून आण." मी एका पानाची, बावीस प्रश्नांची प्रश्नावली केली. पाठपोट छापायला झेरॉक्सवाला जास्त पैसे मागत होता म्हणून एकाच बाजूला. दीडशे प्रती काढल्या आणि यार्डात गेले.

पहिलाच शेतकरी आपल्या ढिगाला टेकून बसला होता. मिरज तालुक्यातला, आबांच्या ओळखीचा. मी वाचलं, "सध्याच्या विपणन व्यवस्थेबद्दल मी समाधानी आहे. पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत."

"तटस्थ म्हंजे?"

"म्हणजे... धड हो पण नाही आणि धड नाही पण नाही."

त्यांनी तंबाखू मळायचं थांबवलं. "मग त्येच लिव की. उचल घेतल्या शेठकडनं, दुसरं काय लिवणार?"

मी 'तटस्थ'वर खूण केली.

त्या एका वाक्यात सगळं होतं. लागणीच्या वेळी बियाण्याला आणि खताला पैसे कुणी दिले, म्हणून माल कुणाच्या गाळ्यावर येणार, म्हणून भाव पडला तरी गाडी परत का फिरवता येत नाही. पट्टीवर हमाली, तोलाई, भाडं यांच्या खाली एक ओळ असते, उचल वजा. सगळं अर्थशास्त्र त्या ओळीत, आणि माझ्या प्रश्नावलीत तिला जागाच नव्हती. कागदावर मात्र तो माणूस तटस्थ झाला. पुढं टक्केवारी काढली तेव्हा तटस्थ लोकांची संख्या बरीच भरली आणि अहवालात मी लिहिलं की शेतकऱ्यांमध्ये विपणनाविषयी जागरूकतेचा अभाव आढळतो. मराठीत नाही, इंग्रजीत. इंग्रजीत असलं वाक्य लिहिताना लाज कमी वाटते.

खऱ्या प्रश्नावल्या अडतीस भरल्या. उरलेल्या बासष्ट मी घरी भरल्या. दोन रात्री, स्वयंपाकघरात बसून, दोन पेनं घेऊन. थोड्या निळ्या शाईनं, थोड्या काळ्या, अधूनमधून डाव्या हातानं. काही बिघडल्या त्या बाजूला टाकल्या. पन्नासेक प्रती उरल्या. आबांनी विचारलं, "हे कोरं हाय न्हवं माघारनं?" आणि गठ्ठा उचलून नेला. आमच्या घरात पाठकोरा कागद फेकणं म्हणजे अन्न टाकण्यासारखं होतं. मला प्रोजेक्टला चांगले गुण मिळाले.

आता मी स्वतः गाइड आहे आणि खोटी प्रश्नावली मला लांबून ओळखू येते. खरा माणूस एखादा प्रश्न रिकामा सोडतो, एखाद्यावर दोनदा खूण करतो, वय लिहायच्या जागी मोबाईल नंबर लिहितो. खऱ्या कागदाला घडी असते, घामाचा किंवा चहाचा डाग असतो. खोट्या गठ्ठ्यात सगळे लोक समजूतदार, कुणीही 'पूर्ण असहमत' नसतो. आता तर गूगल फॉर्म आलेत, डागाचाही पुरावा गेला. मी पोरांना बोलते. फार बोलत नाही.

एमबीए जिथं सुरू झालं तिथंही वर्ग आणि कारखाना यांचं नेमकं जमायचं कसं हा घोळ होताच. हार्वर्डनं १९०८ मध्ये एमबीए सुरू केलं तेव्हा धंदा शिकवायचा कशातून हेच कळत नव्हतं. १९१९ मध्ये वॉलेस डोनम नावाचे डीन आले. ते हार्वर्डमध्येच कायदा शिकलेले होते. वकिलीत जसे जुने खटले वाचून शिकतात तसं धंद्यातले खरे प्रसंग लिहून काढा आणि त्यावर वर्गात भांडा, हे त्यांनी लावून धरलं. १९२१ मध्ये पहिली केस लिहिली गेली ती एका बुटाच्या कारखान्यावर. म्हणजे कुणीतरी त्या कारखान्यात जाऊन बसलं होतं. पुढं १९५९ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या अहवालानं अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलना झापलं की तुमच्याकडं शास्त्र नाही, संशोधन नाही, नुसतं कामचलाऊ शिक्षण आहे. तेव्हापासून लंबक दुसऱ्या टोकाला गेला. गणित आलं, पीएचडी आल्या, जर्नलं आली. आपल्याकडं आयआयएम निघाली ती १९६१ मध्ये, नेमक्या याच वाऱ्यात. कलकत्त्याचं अमेरिकेतल्या एमआयटीच्या हाताला धरून, अहमदाबादचं हार्वर्डच्या. तरी अहमदाबादेत गिरणीवाल्यांचा पैसा आणि विक्रम साराभाईंसारखा शास्त्रज्ञ दोन्ही एका अंगणात होते. आणंदला कुरियननी १९७९ मध्ये इर्मा ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था काढली, तिथं तर मुलांना गावात मुक्कामालाच धाडतात.

आमच्यापर्यंत या सगळ्याचा गाळ तेवढा आला. केस स्टडी आली, पण दुसऱ्यांनी लिहिलेली. संशोधन आलं, पण बढतीच्या गुणांच्या हिशेबानं. पैसे भरले की पंधरवड्यात पेपर छापून देणारी जर्नलं निघाली, त्यांचे ईमेल अजून येतात. मीही एकदा भरलेत पैसे. त्या पेपरचा विषय आता मला आठवावा लागतो.

खरं तर या मुलखाला हे जमत नव्हतं असं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हीजेटीआयमध्ये मास्तर होते. बेळगावला येऊन सायकली विकल्या, कडबा कापायची यंत्रं केली, लोखंडी नांगर केला. शेतकरी म्हणायचे, लोखंडानं जमिनीला विषबाधा होते. ती समजूत बांधावर जाऊन, नांगरून दाखवूनच घालवावी लागली. पाच पर्यायांतून एक निवडा म्हणून ती गेली नसती. १९१० मध्ये औंधच्या संस्थानिकांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली, इथून तासाभराच्या अंतरावर. त्याच किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल विकत गावोगाव फिरणारा एक विक्रेता होता भाऊराव पाटील. १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली ती त्यांनीच. 'कमवा आणि शिका' ही त्यांची योजना आपण गरीब मुलांची सोय म्हणून सांगतो. मला मात्र त्यात फिरतीवरचा विक्रेता दिसतो. शेकडो गावं, ओसऱ्या, गोठे बघितलेला, कुठल्या घरात पोरगं शिकेल आणि कुठल्या घरात नांगर खपेल हे एकाच नजरेत हेरणारा माणूस. हा माझा तर्क आहे, इतिहासाच्या प्राध्यापकांनी रागावू नये. पण कारखाना आणि शाळा यांच्यामध्ये तेव्हा फाईल नव्हती. माणूस होता, आणि तो पायी किंवा सायकलनं जायचा.

गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाची तीन मुलं माझ्याकडं आली. दोन मुलगे, एक मुलगी. विषय द्या म्हणाली. मी म्हटलं, हरिपूरची पेवं.

त्यांना पेव म्हणजे 'पेव फुटणे' एवढंच माहीत. कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर, संगमेश्वराचं देऊळ, श्रावणातली जत्रा, हे माहीत. पण त्या गावाच्या पोटात हळद असायची हे माहीत नाही. जमिनीत खोल खड्डा, तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल एवढा, खाली रांजणासारखा फुगलेला. तळाला आणि कडेनं पाचट घालायचं, हळद भरायची, तोंड मातीनं बंद करायचं. तिथली मातीच अशी की ओल आत येत नाही. वर्षं गेली तरी हळदीला कीड नाही, उलट रंग खुलतो म्हणायचे. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील दोरीनं आत सोडायचा. विझला तर थांबायचं. वात नीट जळली तर माणूस खाली.

आणि मॅनेजमेंटच्या नजरेनं बघितलं तर काय काय आहे त्यात! हंगामात, जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत, माल तुंबतो तेव्हा भाव पडलेला. म्हणून पेवात टाकायचा आणि पावसाळ्यात, दिवाळीला भाव बघून काढायचा. माल जमिनीतून हलायचा नाही, पावती हातोहात फिरायची. गोदामाच्या पावतीवर व्यवहार म्हणून आज आम्ही जे फळ्यावर शिकवतो ते हेच. सांगलीत हळदीचा वायदेबाजार चालायचा तो या साठ्याच्या भरवशावर. आता वायदे एनसीडीईएक्स या शेतमालाच्या ऑनलाइन बाजाराच्या पडद्यावर होतात आणि हळदीचं नाव घेतलं की तेलंगणातलं निजामाबाद पुढं येतं. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही कॉलेजात पेढे वाटले. पेवांवर एक साधी केस मात्र आमच्यातल्या कुणी लिहिली नव्हती. मीही नाही, आणि माझी तर मोरीसुद्धा पिवळी.

मुलांसाठी मी एका आडत्यांकडं शब्द टाकला. जिन्यातल्या तेवीस फोटोंत हे गृहस्थ नाहीत. ते म्हणाले, "करार-बिरार नको. पोरं सकाळी नवाला यीवदेत, पाचला जावदेत. मोबाईल पिशवीत. आठ दिस नुसती बसूदेत." पहिल्या आठवड्यात मुलांनी खरोखर काही केलं नाही. चहा सांगितला, पोत्यातून नमुना काढायची परखी पुसून दिली, दिवाणजींना बेरजा करून दिल्या. मुलीला हळकुंडाच्या आवाजातला फरक कळायला लागला, तसं तिनं मला मोडूनही दाखवलं. तिसऱ्या आठवड्यात दिवाणजी आपणहून बोलायला लागले. पेवात कुणाचा माल होता, घट किती धरायची, पावती हरवली तर काय करायचे. पण आकडे? आकड्यांच्या वह्या २००५ च्या पुरात गेल्या. बहुतेक पेवंही त्याच पुरात गेली. पाणी आत शिरलं, हळद फुगली, जमीन खचली. जी थोडी उरली ती हळूहळू बुजवली गेली. त्यांच्यावर घरं झाली. २०१९ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा बुडायला फारसं काही नव्हतंच.

"मॅडम, डेटा नाही," मुलगी म्हणाली. एमबीएच्या पोरांच्या तोंडी हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा अर्थ 'फिरायला जायचा कंटाळा आलाय' असा होतो. यावेळी तसा नव्हता.

घरी जेवताना मी आबांना सहज विचारलं. ते आता ऐंशीला आलेत, ऐकू कमी येतं. घास संपवला, उठले आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. सुतळीनं बांधलेला गठ्ठा. वरच्या कागदावर बारीक, तिरक्या अक्षरात तारखा आणि पोती. पोत्यामागे मजुरी मिळायची, म्हणून शेठच्या वहीवर विसंबून न राहता तोलाईदार आपला हिशेब आपण ठेवायचा. मी कागद उलटा केला. "सध्याच्या विपणन व्यवस्थेबद्दल मी समाधानी आहे."

दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन कॉलेजात गेले. मुलं एक्सेलमध्ये भरायला बसली. एका कागदावर साधारण पंधरवडा, म्हणजे दोनेक वर्षांचा हिशेब. काही ओळींपुढं 'ह' लिहिलेलं. मुलं म्हणाली हळद असणार. सगळीच हळद असताना काही ओळींपुढंच कशाला लिहितील, मी आबांना फोन लावला. दोनदा ओरडून विचारावं लागलं.

"ह म्हंजे हरिपूर की! पेवातला माल. त्येला धूळ नसायची, काटा पुसायला लागायचा न्हाई."

मग मुलांनी 'ह'चा वेगळा रकाना केला. जून-जुलैत 'ह' वाढतो, दिवाळीच्या आधी भरपूर, हंगाम सुरू झाला की नाहीसा. पुस्तकातल्या आलेखासारखा. २००५ च्या पावसाळ्यात पुन्हा सुरू होतो. २३ जुलै, शनिवार, ह १४. त्याखाली रेघ. पुढची नोंद थेट महिन्यानंतरची आणि 'ह' पुढच्या सगळ्या कागदांत मिळून दोनदा. कुणी काही बोललं नाही. एकानं सेल पिवळा केला, नंतर परत पांढरा केला.

गठ्ठ्याच्या तळाशी आले तेव्हा मुलगी थांबली. तिच्या हातातला कागद दोन्ही बाजूंनी भरलेला होता. मागं आबांची पोती, पुढं बावीस प्रश्नांवर खुणा. अर्ध्या निळ्या, अर्ध्या काळ्या. वयाच्या चौकटीत आधी ४५ लिहून त्याचे ५२ केलेले. तिनं तो उजेडाकडं धरला, हळकुंड धरावं तसा.

"मॅडम, हे कुठल्या शेतकऱ्याचं आहे? आमच्यात घ्यायचं का?"

मी खुर्ची ओढून बसले आणि काय झालं होतं ते सांगितलं. बाक, वॉचमन, अडतीस, बासष्ट, डावा हात, सगळं.

"म्हणजे मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही पण?"

त्या 'पण'वर तिघंही एकदम गप्प झाले.